ऑटिझम असलेल्या मुलाचा दाखला, कार्ड आणि सरकारी लाभ: सातारा जिल्ह्यातल्या पालकांसाठी

मुलाला ऑटिझम आहे असं डॉक्टर सांगतात, थेरपी सुरू करा म्हणतात, आणि तिथून पुढचं कोणीच सांगत नाही. दाखला कोण देतो, पैसे कुठल्या योजनेतून मिळतात, शाळेत काय मागता येतं, हे पालक एकमेकांना विचारत विचारत गोळा करतात. आम्ही कोरेगाव तालुक्यातले. माझ्या मुलासाठी मी हे सगळं केलं आहे. सिव्हिलच्या बाकावर पाटण, वडूज, मेढ्याहून आलेल्या आयांना तेच तेच प्रश्न पडलेले पाहिले, म्हणून क्रमाने लिहिते आहे. तुम्ही सांगलीकडचे असाल तर रुग्णालय बदलेल, क्रम हाच.

सगळ्याचा पाया म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा त्यातला स्वतंत्र प्रकार आहे. आधीच्या १९९५च्या कायद्यात सातच प्रकार होते आणि ऑटिझम त्यात नव्हता. त्यामुळे जुने छापील फॉर्म अजून कुठे कुठे दिसतात, ज्यात अंध, अस्थिव्यंग, कर्णबधिर, मतिमंद एवढेच रकाने असतात. "यात तुमचं बसत नाही" असं कोणी म्हणालं तर शांतपणे २०१६च्या कायद्याचं नाव घ्या आणि दाखला दाखवा. बहुतेक लाभांना दाखल्यावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

१. आधी निदान कागदावर घ्या

तोंडी निदान कुठेच चालत नाही. बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) यांच्याकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह आणि तारखेसह निदान लिहून घ्या. खासगी तपासणी परवडत नसेल तर सरकारी वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासायला येतात, आणि ज्यांना पुढच्या तपासणीची गरज आहे त्यांना डीईआयसीकडे, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. अंगणवाडी सेविकेला स्वतःहून सांगा, की पथक येईल तेव्हा आमच्या मुलाला नीट बघायला सांगा. ही तपासणी मोफत असते.

घरातली वडीलधारी माणसं "मुलगे उशिराच बोलतात, याचा काकाही पाच वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता" म्हणून थांबवतात. त्यांच्या मायेचा मान ठेवा, पण तपासणी पुढे ढकलू नका. लवकर सुरू झालेल्या थेरपीने मुलाला फायदा होतो, आणि दाखल्याच्या वेळी जुने कागदही हाताशी असतात.

२. फाईल तयार करा

एक जाड फाईल घ्या आणि तीत हे ठेवा:

- मुलाचा जन्मदाखला
- मुलाचं आणि आई-वडिलांचं आधार कार्ड
- रेशनकार्ड
- रहिवासाचा पुरावा (लाईट बिल, घरपट्टीची पावती असं काही)
- निदानाचे, थेरपीचे, बुद्ध्यंक चाचणीचे सगळे कागद, तारखेच्या क्रमाने
- शाळेत असल्यास बोनाफाईड आणि वर्गशिक्षकांचं मुलाबद्दलचं पत्र
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- बँक पासबुकाची झेरॉक्स
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (हा सहाव्या पायरीतल्या अनुदानासाठी, पण अर्ज आधीच टाकून ठेवा)

मूळ कागद एका कप्प्यात, झेरॉक्स दुसऱ्यात. मूळ कागद कोणाच्याही टेबलावर सोडून यायचं नाही.

सर्वांत जास्त अडतं ते नावावरून. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं असं असतं. कुठे वडिलांचं नाव अर्धं, कुठे आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं. अर्ज भरण्याआधी हे सगळे कागद एकापुढे एक ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. दुरुस्ती करायचीच असेल तर पहिली आधारची करा, कारण पुढचं सगळं आधारवर चालतं.

आधारचंच आणखी एक. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारला बोटांचे ठसे लागत नाहीत. पाचव्या वर्षी आणि पुन्हा पंधराव्या वर्षी ते द्यावे लागतात. आमच्या मुलाला त्या मशीनच्या काचेचा गार स्पर्श सहन होत नव्हता. बोट ठेवलं की झटक्यात मागे घ्यायचा, डोळ्यांच्या यंत्राकडे तर बघायलाच तयार नाही. मग आठवडाभर घरी मोबाईलच्या काचेवर बोटं दाबून ठेवायचा खेळ खेळलो. आधी एक बोट, मग चार, मग दोन्ही अंगठे. केंद्रावरही तो खेळच आहे असं धरून त्याने ठसे दिले. तुमच्या मुलालाही आधी सवय करा आणि केंद्रावर दुपारच्या निवांत वेळेला जा. काही केल्या ठसे उमटत नसतील तर आधारमध्ये अपवाद म्हणून नोंद करण्याची सोय आहे. ती केंद्रचालकाला आठवणीने सांगा.

३. यूडीआयडीचा अर्ज

दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, यांचा अर्ज एकच आहे. तो केंद्र सरकारच्या 'स्वावलंबन कार्ड' संकेतस्थळावर भरायचा. सारख्या दिसणाऱ्या खासगी साइट्स बऱ्याच आहेत, म्हणून पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन आहे ना, हे बघूनच पुढे जा. स्वतः भरता येत नसेल तर महा ई-सेवा केंद्रात भरून घ्या, पण मोबाईल नंबर तुमचाच द्या. केंद्रवाल्याचा नंबर पडला तर पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात आणि दर वेळी त्याच्या दारात उभं राहावं लागतं.

दिव्यांगत्वाचा प्रकार निवडताना 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' हाच निवडा. मूल बोलत नाही म्हणून वाचा-भाषेचा, किंवा सगळे सांगतात म्हणून बौद्धिक अक्षमतेचा पर्याय निवडलेले अर्ज मी पाहिले आहेत. मग तपासणी दुसऱ्याच तज्ज्ञाकडे जाते आणि हेलपाटा पडतो. ऑटिझमबरोबर बौद्धिक अक्षमता खरोखर असेल तर ती तपासणीत नोंदवली जाते.

रुग्णालय म्हणून आपल्या जिल्ह्यातलं निवडा. सातारकरांसाठी ते सदर बझारमधलं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगलीकरांसाठी पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय. मूल दुसरीकडच्या सरकारी रुग्णालयात उपचार घेत असेल तर तिथेही अर्ज करता येतो. अर्ज झाला की नावनोंदणी क्रमांक मिळतो. तो फाईलच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

४. तपासणीचा दिवस

या पायरीला सर्वांत जास्त तयारी करा.

ऑटिझमची टक्केवारी आपल्याकडे 'इसा' या भारतीय मोजपट्टीवर ठरते. तिच्यात ४० मुद्दे आहेत: लोकांशी नातं, भावना, बोलणं, वागण्याच्या तऱ्हा, स्पर्श-आवाज-प्रकाशाची जाणीव आणि आकलन, अशा सहा भागांत वाटलेले. प्रत्येक मुद्द्याला ती गोष्ट किती वेळा घडते त्यावर १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २००. गुण ७०च्या खाली असतील तर ऑटिझम धरत नाहीत. ७० गुणांना ४० टक्के, ७१ ते ८८ ला ५०, ८९ ते १०५ ला ६०, १०६ ते १२३ ला ७०, १२४ ते १४० ला ८०, १४१ ते १५८ ला ९० आणि त्यापुढे १००.

या गुणांतला मोठा भाग पालकांच्या उत्तरांवर ठरतो, कारण डॉक्टरांना मूल थोडाच वेळ दिसतं. आणि इथेच आपण आई-बाप म्हणून कमी सांगतो. "नजरेला नजर देतो का?" असं विचारलं की आई पटकन म्हणते, "देतो की, माझ्याकडे बघतो." तुमच्याकडे तो बघणारच. पण मावशीकडे बघतो का? दुकानदाराकडे? बाईंनी हाक मारल्यावर? प्रश्न त्या सगळ्याबद्दल असतो. "स्वतः जेवतो का?" याला "हो" म्हणण्याआधी आठवा, की तो फक्त पिवळं वरण आणि भातच खातो, तेही ठरलेल्या ताटलीतच, आणि ताटली बदलली तर उपाशी उठतो. "झोप कशी आहे?" याला "बरी आहे" म्हणू नका, किती वाजता झोपतो, रात्री कितीदा उठतो, कोण जागतं, ते सांगा. आपलं लेकरू चारचौघांत कमी दिसू नये असं प्रत्येकीला वाटतं, मलाही वाटतं. पण त्या खोलीत त्याची अडचण झाकली तर त्याच्याच हक्कातलं कमी होतं.

म्हणून तपासणीआधी किमान दोन आठवडे एक वही ठेवा. रोज चार ओळी पुरेत. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "केस कापायला नेलं. मशीन सुरू झाल्याबरोबर कानांवर हात ठेवून टेबलाखाली गेला. अर्धा तास बाहेर आला नाही. केस न कापता परत." कुकरची शिट्टी, मिक्सर, गणपतीतला डॉल्बी, शर्टाचं टोचणारं लेबल, रोजचा रस्ता बदलल्यावर होणारा आकांत, हे सगळं तारखेसह लिहा. मोबाईलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ काढून ठेवा. मूल रुग्णालयात गप्प गप्प राहिलं तर घरचं वागणं दाखवायला ते उपयोगी पडतात.

वाढवून मात्र काहीही सांगू नका. डॉक्टर रोज अशी मुलं बघतात, उत्तरांतली विसंगती त्यांच्या लगेच लक्षात येते, आणि पुढच्या तपासणीत जुने कागद समोर असतातच.

दिवस कसा काढायचा तेही सांगते. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचं बोर्ड ठरलेल्या वारीच बसतं, म्हणून वार आणि वेळ आदल्या दिवशी विचारून निघा. पाटण किंवा माणमधून येणाऱ्यांनी पहिली एसटी धरा. दोन मोठी माणसं हवीतच: एक रांगेत, दुसरं मुलाबरोबर बाहेर मोकळ्या जागेत. डबा, पाणी, बदलायचे कपडे, कानांवर लावायचे हेडफोन आणि त्याची आवडती वस्तू बरोबर घ्या. गर्दीने मूल अस्वस्थ होत असेल तर तिथल्या नर्सला किंवा मदतनिसाला सांगा, की याला ऑटिझम आहे, आवाज सहन होत नाही, नंबर आला की फोन करा. बऱ्याचदा ऐकतात. मुलगा ओरडायला लागला आणि चार लोक वळून बघायला लागले तर खजील होऊ नका. ती रांग त्याच्याचसाठी आहे.

५. दाखला हातात आला की आधी वाचा

नाव, जन्मतारीख, दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्केवारी आणि मुदत, या पाच गोष्टी तपासा. लहान मुलांचा दाखला बऱ्याचदा तात्पुरता असतो आणि त्यावर पुन्हा तपासणीची तारीख असते. ही तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा आणि तिच्या तीन महिने आधीच नूतनीकरणाला लागा. मुदत संपली की अनुदानासह सगळं थांबतं आणि पुन्हा सुरू करायला फार वेळ जातो.

२०२४च्या सुधारित नियमांप्रमाणे दाखल्याचा निर्णय अर्जापासून तीन महिन्यांत व्हायला हवा. कार्डावर टक्केवारीप्रमाणे रंग असतो: ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि पुढे निळा. पोस्टाने कार्ड यायची वाट बघत बसू नका, ई-कार्ड पोर्टलवरून उतरवून घेता येतं.

६. संजय गांधी निराधार अनुदान

दरमहा रोख मदत देणारी मुख्य योजना हीच. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५पासून महिना २,५०० रुपये आहेत, आधी १,५०० होते. दिव्यांगांसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. ही मर्यादा फारच कमी आहे आणि रोजंदारीवरची पुष्कळ कुटुंबंही तिच्या बाहेर पडतात, हे मला मनापासून खटकतं. तुम्ही तिच्यात बसत नसाल तर हा भाग सोडून पुढे वाचा. पुढच्या बऱ्याच गोष्टींना उत्पन्नाची अट नाही.

अर्ज तहसील कचेरीतल्या संजय गांधी शाखेत. त्याला दिव्यांगत्वाचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा आणि वयाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार, पासबुक आणि फोटो लागतो. मूल अज्ञान (१८ वर्षांखालचं) असल्याने अर्ज पालकाने करायचा. तालुक्याच्या समितीपुढे मंजुरी होते, त्यामुळे काही महिने जातात.

पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट बँक खात्यात येतात. बँकेत "आधार लिंक आहे" एवढं ऐकून परत येऊ नका. केवायसीसाठी आधार जोडलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी एनपीसीआयला (आधारवरून पैसे खात्यात पोचवणारी यंत्रणा) जोडलेलं असणं वेगळं. "या खात्याला डीबीटी चालू आहे का?" असंच विचारा. मंजुरीचं पत्र हातात आणि खात्यात काही नाही, अशी कितीतरी प्रकरणं इथेच अडकलेली असतात. मंजुरीनंतरही दरवर्षी हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत देत राहा.

मध्यस्थाची गरज नाही. "साहेबांना ओळखतो, एवढे द्या" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

७. निरामय विमा

केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची ही योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. आधीपासूनचा आजार म्हणून नकार नाही, वैद्यकीय तपासणीची अटही नाही. नोंदणी शुल्क दारिद्र्यरेषेखालच्यांना २५०, इतरांना ५०० रुपये. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे स्पीच (बोलण्याची) आणि ऑक्युपेशनल (रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी) यांसारख्या नियमित थेरपीच्या खर्चासाठीही यात ठरावीक रक्कम असते.

नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते. थेरपी केंद्रात किंवा विशेष शाळेत विचारा, त्यांना जवळची संस्था माहीत असते. पैसे आधी आपण भरायचे आणि बिलं देऊन परत मागायचे. म्हणून पहिल्या दिवसापासून थेरपीची छापील पावती, थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपा. साध्या वहीच्या पानावर लिहून दिलेल्या पावतीवर दावा अडतो. विम्याचं वर्ष एप्रिल ते मार्च. नूतनीकरण विसरू नका.

८. शाळा

किमान ४० टक्के दाखला असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६च्या कायद्याने दिला आहे. "आमच्याकडे अशा मुलांसाठी शिक्षक नाहीत" हे प्रवेश नाकारायचं कारण होत नाही. समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातून शाळांना भेटी देतात. मुख्याध्यापकांमार्फत त्यांची भेट मागा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांत दिव्यांग मुलं वंचित घटकात येतात, आणि त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज शाळेमार्फत जिल्हा परिषदेकडे जातो. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. त्या शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडून मंजूर करून घ्याव्या लागतात, तेव्हा नववीतच मुख्याध्यापकांशी बोला.

९. प्रवास, प्राप्तिकर आणि ग्रामपंचायत

एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, आणि ६५ टक्के व त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सोबतच्या माणसाला ५० टक्के. थेरपीसाठी आठवड्याला साताऱ्याला यावं लागणाऱ्यांना ही मोठी मदत आहे. रेल्वेच्या सवलतीला त्यांच्याच नमुन्यातला वेगळा दाखला लागतो आणि तो बौद्धिक अक्षमतेच्या गटात मिळतो. तुमच्या मुलाला ती असेल तर डॉक्टरांना विचारा.

नोकरदार पालकांना जुन्या करपद्धतीत कलम ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के व त्यापुढे १,२५,००० रुपयांची वजावट आहे. ऑटिझमसाठी त्याला १०-आयए नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. एकट्या यूडीआयडीवर ती धरू नका.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. पुष्कळ गावांत कोणी मागतच नाही म्हणून तो नीट खर्च होत नाही. ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज द्या, मुलाची नोंद दिव्यांग नोंदवहीत करून घ्या आणि ग्रामसभेत विषय काढा.

१०. अडलं तर

कुठलाही अर्ज दोन प्रतींत करा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. पोच नसली की अर्ज केल्याचं तुम्हाला सिद्ध करता येत नाही. एका कचेरीत माझा अर्ज सापडत नाही म्हणाले. पोच दाखवल्यावर तो त्याच कपाटातून निघाला.

टक्केवारी कमी आली किंवा दाखला नाकारला असं वाटलं तर निर्णयापासून ९० दिवसांत अपील करता येतं. वही, व्हिडिओ आणि शाळेचं पत्र इथेही जोडा. त्याउपर कायद्यातल्या हक्कांबद्दलची तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते.

११. अठरावं वर्ष

मूल मोठं झालं तरी काही निर्णय स्वतः घेऊ शकत नसेल, तर अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बँक, मालमत्ता, शस्त्रक्रियेची संमती, सगळीकडे प्रश्न येतो. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती असते, ती पालकत्व देते. अर्ज आई-वडील किंवा नातेवाईक करू शकतात. सतरावं लागलं की कागद जमवायला घ्या, आणि आपल्यानंतर पालक कोण होणार हे त्या नातेवाइकाशी आत्ताच स्पष्ट बोलून ठेवा.